भोळेपणाचा विरुद्धार्थी शब्द

मराठी शाळांतून व्याकरणाच्या तासाला समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या ज्या जोड्या मुलांकडून घोकून घेतल्या जातात, त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. दिवसासमोर रात्र, जमेसमोर खर्च आणि उन्हासमोर सावली लिहिल्याने कोणाच्याही आयुष्याला विशेष वळण लागत नाही. परंतु 'भोळा' या शब्दासमोर फळ्यावर जेव्हा 'लबाड' अथवा 'धूर्त' लिहिले जाते, तेव्हा व्याकरणाच्या नावाखाली नीतिशास्त्राचाच एक पाठ मुलांच्या गळी उतरविला जात असतो. तो असा की, जगात फसणारे आणि फसविणारे असे दोनच वर्ग असून, ज्याला पहिल्यात राहावयाचे नसेल त्याला दुसऱ्यात नाव दाखल करण्यावाचून गत्यंतर नाही. हा पाठ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा मराठी भाषेच्याच दफ्तरात, थोडासा धूळ खात का होईना, पण शाबूत आहे. म्हणून सहज विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आपली भाषा काय काय म्हणते, आणि तसा विश्वास न ठेवणाऱ्याला ती कोणत्या नावाने हाक मारते, याची थोडी झडती घेण्याचे योजिले आहे.

अमरसिंहाने 'नामलिंगानुशासन' नावाचा जो कोश पद्यात रचला आणि जो पुढे अमरकोश म्हणून घरोघरी पाठ केला जाऊ लागला, त्यामुळे एका अर्थाचे अनेक शब्द जिभेवर खेळवण्याची मोठीच सोय झाली. मात्र एका चरणात शेजारी बसलेले शब्द अर्थानेही अगदी एकच असतात, हा समजही त्या सोयीच्या पाठोपाठ रूढ झाला. वास्तविक समानार्थी शब्दांत अर्थ समान असला तरी बोलणाऱ्याची नजर क्वचितच समान असते. 'भोळा' म्हणताना बोलणाऱ्याच्या आवाजात माया असते. 'भाबडा' म्हणताना त्या मायेत थोडी कीव मिसळते, आणि म्हणूनच वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून 'भाबडा आशावाद' असतो, 'भोळा आशावाद' कधी नसतो. काळसट, ओलसट या शब्दांत अपुरेपणा दाखविणारा जो 'सट' प्रत्यय आहे, तो 'भोळा'ला लागून 'भोळसट' झाला की मायेचा अंश पार नाहीसा होतो आणि उरतो तो निव्वळ तुच्छभाव. तेथून 'बावळट' आणि 'खुळा' फार दूर नाहीत. एखाद्याला भावांनी वाटणीत गंडविले आणि तो काही बोलला नाही, तर गावात त्याला 'देवमाणूस' म्हणतात. परंतु त्याच्या बायकोला त्याचे वर्णन करावयास सांगितले, तर ती कोणता शब्द वापरील हे सांगण्याची आवश्यकता नाही.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची कथा याहूनही मौजेची आहे. 'मुह्' या एकाच धातूपासून 'मुग्ध' आणि 'मूढ' ही दोन्ही रूपे सिद्ध होतात. दोहोंचाही मूळ अर्थ भान हरपलेला, गोंधळलेला असाच. पैकी पहिले रूप कवींनी उचलले, आणि नायिकेच्या निरागसतेचे ते भूषण झाले. दुसरे पंडितांच्या हाती लागले, आणि ती शिवी झाली. शंकराला आपण 'भोळा सांब' म्हणतो ते लाडाने. पण त्याच भोळेपणाने त्याने भस्मासुराला, ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील तो भस्म होईल, असा वर देऊन टाकला, आणि मग स्वतःच पळत सुटण्याची पाळी त्याच्यावर आली. त्या संकटातून त्याला सोडविण्यासाठी विष्णूला जे रूप घ्यावे लागले त्या मोहिनीचे नाव पुन्हा त्याच 'मुह्' धातूचे. म्हणजे भोळ्या देवाच्या वराने माजलेला असुर शेवटी मोहानेच मेला. पुराणकारांनी हे जाणूनबुजून केले असेल असे नाही, पण शब्दांना असल्या गमती करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

'श्रद्धाळू' हा शब्द अधिक प्रतिष्ठित. दयाळू, मायाळू, झोपाळू, लाजाळू या शब्दांत जो 'आळू' आहे तो मनाचा कल दाखवितो, आणि त्याच न्यायाने ज्याच्या मनाचा कल विश्वासाकडे तो श्रद्धाळू. 'श्रद्धा' या शब्दातील 'श्रत्' आणि 'धा' यांचे लॅटिनमधील 'क्रेडो' या क्रियापदाशी सख्खे नाते असल्याचे भाषाशास्त्रज्ञ निःशंकपणे सांगतात. बँकेच्या व्यवहारातील 'क्रेडिट' त्याच क्रियापदाच्या घराण्यातील. देवावरची श्रद्धा आणि सावकाराची उधारी एकाच मुळातून निघावीत, ही गोष्ट दोन्हींचा अनुभव घेतलेल्या माणसाला फारशी चमत्कारिक वाटणार नाही.

श्रद्धाळूपणाची मर्यादा ओलांडली गेली की आज आपण 'अंधश्रद्धा' म्हणतो, परंतु हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात त्या जागी 'देवभोळेपणा' असे. दोन्हींचा विषय एक, पण पहिल्यात आरोप आहे आणि दुसऱ्यात क्षमा. देवभोळ्या माणसाची थट्टा होई, त्याच्यावर खटला होत नसे. सन २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा जो अधिनियम संमत केला, त्याच्या लांबलचक नावात अमानुष, अनिष्ट आणि अघोरी ही तिन्ही विशेषणे आहेत, पण 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य हयातभर केले आणि या कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि कायद्याचा वटहुकूम त्यानंतर निघाला. कायद्याच्या मसुद्यात तो शब्द टाळला गेला यात शहाणपणच होते, असे मला वाटते. कारण कोणाची श्रद्धा आंधळी आणि कोणाची डोळस हे ठरविण्याचे काम फौजदाराकडे सोपविता येत नाही, त्याच्याकडे फार तर झालेल्या इजेचा आणि उकळलेल्या पैशाचा पंचनामा सोपविता येतो.

येथे मराठीतील एका उणिवेचा उल्लेख करणे भाग आहे. 'विश्वासू' म्हणजे विश्वास ठेवणारा, असे परक्या माणसाला शब्दाच्या घडणीवरून वाटेल. पण मराठीत विश्वासू तो की ज्याच्यावर विश्वास ठेवता येतो. विश्वासू नोकर, विश्वासू मुनीम. मग जो विश्वास ठेवतो, आणि ठेवूनही भोळा ठरत नाही, त्याला काय म्हणावे? ख्रिस्ती बांधवांच्या धार्मिक बोलण्यात 'विश्वासी' असा शब्द आहे, पण तो त्या कक्षेबाहेर गेला नाही. विश्वास ठेवणाऱ्याला स्वतंत्र आणि मानाचा शब्द नसावा, आणि ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याला मात्र असावा, या वस्तुस्थितीवरून मराठी माणसाच्या स्वभावाविषयी काय निष्कर्ष काढावयाचा तो वाचकांनी काढावा. 'माझ्यावर विश्वास नाही का?' या प्रश्नाला 'विश्वास पानिपतात गेला' असे उत्तर देण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तीत पेशव्यांच्या घरातील एका तरुण मुलाच्या मृत्यूवर कोटी केली आहे, याचेही भान आता राहिलेले नाही.

पानिपताचा उल्लेख आलाच आहे, तर भोळेपणाची मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठी हकीकत तेथूनच सुरू होते हे सांगितले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडले आणि सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. भाऊंचे शव मिळाल्याच्या बातम्या आल्या, पण त्या सर्वांना पटल्या नाहीत. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. अशा वेळी उत्तरेकडील एक कनोजा ब्राह्मण, ज्याचे नाव कोठे सुखलाल तर कोठे सुखनिधान असे सांगितले जाते, 'मी भाऊ' म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. एवढ्यावर प्रकरण मिटावयास हवे होते. परंतु सन १७७६ मध्ये, नारायणरावांचा खून होऊन गेलेला, राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय केलेला आणि गादीवर लहान मूल, अशा बिकट प्रसंगी रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला बाहेर काढले, आणि पाहता पाहता कोकणात त्याच्याभोवती हजारोंची फौज उभी राहिली. अखेर मुंबईच्या रोखाने निसटत असता तो आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यास आणला गेला, पंचांकरवी त्याची पुन्हा रीतसर चौकशी झाली आणि त्याच साली त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी पुढे यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, आणि 'तोतया' हा शब्द मराठीत कायमचा रुजला.

या हजारो लोकांना भोळे म्हणावे काय? त्यांतील कित्येकांनी भाऊंना पाहिलेही नव्हते. ज्यांनी पाहिले होते त्यांच्या स्मृतीवर पंधरा वर्षांची पुटे चढली होती. पानिपताहून ज्या घरातला कर्ता पुरुष परत आला नाही, आणि ज्याच्या मृत्यूची धड खबरही आली नाही, अशी घरे महाराष्ट्रात थोडी नव्हती. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही माणूस परत येऊ शकेल, हा हिशेब त्या विश्वासाच्या मुळाशी असला पाहिजे. शिवाय ज्यांना नाना फडणविसांचा कारभार नको होता, त्यांना हा भाऊ खरा असणे सोयीचे होते. दुःख आणि स्वार्थ या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे माणूस किती सहज विश्वास ठेवतो, याची मोजदाद करावयास त्यावेळी कोणी नव्हते. पण भोळेपणा हा बुद्धीचा दोष नसून अनेकदा तो इच्छेचा व्यवहार असतो, हे या एका प्रकरणावरून लक्षात यावे.

याच काळातील दुसरी एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावांना 'धरावे' असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून तो 'मारावे' असा केला, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार बिनदिक्कत वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला हे खरे, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरले हेही खरे. पण तो अक्षरबदल आनंदीबाईंच्याच हातून झाला याला निर्विवाद असा पुरावा नाही. एका स्त्रीच्या माथी मारलेले हे अक्षर आपण अडीचशे वर्षे तपासल्याविना पुढे चालविले, आणि तेही, विनोद असा की, कागद तपासल्याविना त्यावर अंमल करू नये, हेच सांगण्यासाठी.

लोकांच्या बोलण्यात भोळेपणाचे बिऱ्हाड डोळ्यांत किंवा डोक्यात नसून कानात आहे. जो हलक्या कानाचा तो कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतो; त्याचे कान भरतात, कान फुंकतात, कोणीतरी त्याच्या कानाला लागते, आणि मग घरात भांडण उभे राहते. कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, असे जुनी माणसे बजावीत, ते ऐकीव आणि पाहिलेले यांतला फरक दाखविण्यासाठी. फसविणाऱ्याच्या क्रियांची तर मराठीत मोठीच पेठ भरली आहे: टोपी घालणे, शेंडी लावणे, गंडा घालणे, चुना लावणे, तोंडाला पाने पुसणे, मामा बनवणे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे, आणि थापांमध्ये पुन्हा लोणकढी ती वेगळी. फसविण्यासाठी इतकी क्रियापदे आणि फसण्यासाठी मात्र जेमतेम 'फसणे' एवढे एकच. कारण फसलेला माणूस आपली हकीकत सांगत नाही आणि फसविणारा ती रंगवून सांगतो, असे असावे.

तथापि डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, हा नियमही निर्धोक नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी दिल्लीपासून सुरू होऊन देशभर, आणि सायंकाळपर्यंत लंडनच्या देवळांतही, गणपतीची मूर्ती दूध पीत असल्याचे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. रांगेत उभे राहून, दुधाने काठोकाठ भरलेला चमचा सोंडेच्या टोकाला टेकवून, चमच्यातले दूध हळूहळू कमी होताना त्यांनी पाहिले. पाहिलेले खोटे नव्हतेच. परंतु चमच्याची कड ओल्या दगडाला टेकताच पृष्ठताणामुळे दूध त्या दगडाकडे ओढले जाते, भक्तिभावाने धरलेला चमचा किंचित कलतो, आणि दुधाचा पातळ पापुद्रा सोंडेखालून, पोटावरून, मूर्तीच्या पायथ्याशी उतरतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध असल्याने तो नजरेस येत नाही, इतकेच. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून प्रयोग केला, तेव्हा तो ओघळ सर्वांना दिसला. ज्यांनी पहिल्या दिवशी चमचा धरला ते सारेच अडाणी नव्हते; त्यांत वकील होते, डॉक्टर होते, बँकांतले अधिकारी होते. त्यांच्यापाशी डोळा होता, ओघळ शोधण्याची सवय तेवढी नव्हती.

एकाने सांगितले तर हसावे, दुसऱ्याने सांगितले तर थबकावे आणि तिसऱ्याने सांगितले तर मानावे, हा माणसाच्या मनाचा जुनाच कायदा आहे. पंचतंत्रात खांद्यावर बोकड घेऊन चाललेल्या ब्राह्मणाला वाटेवर अंतराअंतराने उभे राहिलेले तीन ठक भेटतात. प्रत्येक जण बोकडाला काहीतरी भलतेच म्हणतो, आणि शेवटी बिचारा खांद्यावरचे ओझे टाकून पळ काढतो. अमेरिकेत १९७७ साली हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून जे दाखविले ते हेच, की पुन्हा पुन्हा कानावर पडलेले विधान, ते खरे असो वा खोटे, अधिक खरे वाटू लागते. ठकांना हे शास्त्र आधीपासून अवगत होते, आणि भ्रमणध्वनीवर एकच मजकूर चार गटांतून आला म्हणजे तो पुढे ढकलणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या खांद्यावर तो बोकड असतो.

आता विरुद्धार्थी शब्दांकडे वळू. भोळ्याच्या उलट म्हणून सर्वांत आधी आठवतो तो संशयी, आणि त्याचा धाकटा भाऊ शंकेखोर. 'खोर' हा फारसी प्रत्यय खाणाऱ्याचा. लाचखोर लाच खातो, शंकेखोर शंकांवर जगतो. अशा माणसाचा सर्वांत नामांकित नमुना म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकातील फाल्गुनराव. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला तो सावरतो, ते त्याची पत्नी कृत्तिका पाहते आणि तिला संशय येतो. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ती पाहत असताना फाल्गुनराव येतो आणि त्याला संशय येतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात अश्विनशेठ पाहतो, आणि संशयाने तिसरे घर धरले. मोलियेरच्या मूळ प्रहसनावरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत आलेले हे कथानक आपल्या रंगभूमीवर इतके मुरले की ते परके आहे हे सांगूनही पटत नाही. परंतु या सर्व मंडळींना संशयी म्हणून भोळ्यांच्या विरुद्ध बाजूस बसविताना एक गोष्ट नजरेआड होते. फाल्गुनरावाइतका भोळा माणूस त्या नाटकात दुसरा नाही. त्याने एक तसबीर पाहिली आणि तिच्यावरून सबंध बदफैलीची कहाणी बिनशर्त मान्य केली; ती तसबीर कोणाची, कोणी दिली, कोठे सापडली, हे विचारण्याइतकी उसंतही त्याने घेतली नाही. भोळा दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो, आणि संशयी आपल्या मनाच्या सांगण्यावर. चौकशी दोघांनीही केलेली नसते. जो सरकारच्या, डॉक्टरांच्या आणि वर्तमानपत्रांच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवीत नाही, तोच एखाद्या निनावी चित्रफितीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, हे दृश्य आज घरोघर दिसते. त्याचे कोडे फाल्गुनरावाने शंभर वर्षांपूर्वीच सोडविले आहे.

धूर्त, लबाड, बेरकी, बिलंदर हे शब्द तर विरुद्धार्थी म्हणून अधिकच कुचकामी आहेत, कारण त्यांचा संबंध दुसऱ्याला काय करावे याच्याशी आहे, स्वतः काय मानावे याच्याशी नाही. अव्वल लबाड माणूस दुसऱ्या लबाडाच्या गळाला लागलेला कोर्टकचेऱ्यांतून रोज दिसतो.

मग प्रश्न विचारणाऱ्याला, पुरावा मागणाऱ्याला आपली भाषा काय म्हणते? येथे तिचा पक्षपात उघड होतो. 'तर्क' हा न्यायशास्त्रातला केवढा भारदस्त शब्द. पण तो सर्वसामान्यांच्या तोंडी आला तो 'तर्कट' होऊन. प्रश्न विचारणारा फाटे फोडतो, खुसपट काढतो, भोचकपणा करतो. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' हा शब्द कोणत्याही धर्मपंथाला उद्देशून, कसलीही निंदा मनात न ठेवता वापरला आहे, आणि सर्व पासंडांचा आदर करावा असे त्या राजाने बजावले आहे. त्याच शब्दाचे पुढे 'पाखंड' झाले आणि वेगळे मत धरणारा तो पाखंडी ठरला. भोळ्यासाठी मायेचे शब्द आणि चौकस माणसासाठी टोमणे, अशी वाटणी ज्या भाषेने शतकानुशतके केली, तिच्या मुलांनी भोळे राहणेच पसंत केले तर त्यांना दोष कसा द्यावा?

ही वाटणी मोडण्याचा पहिला मोठा यत्न जोतीराव फुल्यांनी केला, असे म्हणता येईल. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचे भय दाखवून त्या गरीब जोडप्याला कसा नागवतो, हे त्यांनी प्रवेशामागून प्रवेश दाखविले आहे. परंतु त्या जोडप्याला त्यांनी मूर्ख म्हटलेले नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांना पडताळा पाहता येत नाही, एवढेच फुल्यांचे निदान आहे, आणि नाटकाच्या अखेरीस ते दोघे रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवतात, हा त्यावरचा उपाय. पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी जो समाज स्थापन केला, त्याला सत्यशोधक हे नाव देताना विचारणाऱ्याच्या, शोधणाऱ्याच्या पदरी मराठीने प्रथमच एक गौरवाचा शब्द घातला. भोळ्याचा खरा विरुद्धार्थी शब्द मला तेथे दिसतो.

दुसरा तसाच शब्द 'चिकित्सक'. हिंदीत चिकित्सक म्हणजे वैद्य, मराठीत मात्र तो मनुष्य की जो कोणतीही गोष्ट नाडी पाहिल्याविना मान्य करीत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. सुकथनकरांसारख्या संपादकांनी देशाच्या नाना भागांतून मिळविलेल्या हजाराहून अधिक हस्तलिखितांतील एकेक श्लोक दुसऱ्या पोथीशी, दुसरा तिसरीशी ताडून पाहिला. त्यांत महाभारताचा अनादर कोणाला दिसला नाही, उलट इतका आदर दुसऱ्या कोणी दाखविला नसेल. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८पासून छापावयास घेतली, तेव्हा बखरींतील कथा आणि अस्सल पत्रे यांचे मोल वेगळे, हे त्यांनी ज्या करारीपणाने सांगितले, तीही याच जातीची चिकित्सा होती.

आणि तरीही रोजच्या व्यवहारासाठी सर्वांत उपयोगी शब्द आपल्याला विद्वानांकडून मिळालेले नाहीत, ते कचेरीतून मिळाले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कित्येक फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. परंतु तपासाच्या कामातले तहकीकात, रुजुवात, जबानी, पंचनामा हे शब्द त्यातूनही टिकून राहिले, कारण गावच्या पाटलापासून पेशव्यांच्या फडापर्यंत ज्यांचा रोजचा संबंध कागदाशी होता, त्यांना ते सोडता येण्यासारखे नव्हते. वतनाचा दावा आला की महजर होई, साक्षीदारांच्या जबान्या होत, जुना कागद नव्याशी रुजू घातला जाई. त्यांतील 'खातरजमा' या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. फारसीत त्याचा अर्थ मनाची स्वस्थता. जुन्या पत्रांतून वरिष्ठ कनिष्ठाला खातरजमा असू दे म्हणून लिहितो, त्याचा भाव 'निश्चिंत राहा' असा. आज आपण खातरजमा करून घ्या म्हणतो ते 'तपासून पाहा' या अर्थाने. निश्चिंतपणासाठी असलेला शब्द तपासासाठी वापरला जाऊ लागला, त्याअर्थी तपासाविना निश्चिंतपणा नाही, हे मराठी माणसाला मधल्या काळात पुरेसे फसून कळले असावे.

'बेसावध' हा शब्दही असाच मिश्र घराण्याचा, फारसी 'बे' आणि संस्कृत 'सावधान' यांच्या सोयरिकीतून झालेला. आणि सध्या महाराष्ट्रात त्याला वाईट दिवस आलेले नसून फार बरकतीचे दिवस आले आहेत. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर अशा, ज्यांना कोणी भोळसट म्हणणार नाही, अशा माणसांना दूरध्वनी येतो. पलीकडचा माणूस पोलिसाच्या गणवेशात पडद्यावर दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, असे सांगतो, आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे बजावून आयुष्याची पुंजी दुसऱ्या खात्यात वळती करावयास लावतो. येथे भोळेपणा कामास येत नाही, येथे कामास येते ती सरकारी कागदाची भीती. ज्या कचेरीने आपल्याला तपासाचे शब्द दिले, तिचाच वेष घेऊन हा तोतया येतो, आणि सर्वांत आधी बजावतो ते हे, की घरात कोणाशी बोलू नका, कारण दुसऱ्या माणसाशी झालेले पाच मिनिटांचे बोलणे म्हणजे रुजुवातच होय. भारताच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार अस्तित्वात नाही, आणि कोणतीही तपासयंत्रणा दूरध्वनीवरून पैसे मागत नाही. असा फोन आल्यास तो तेथेच बंद करावा, घरातल्या माणसांना सांगावे, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठविता येण्याची शक्यता असते.